स्टॉप-मोशनची पहिली बाहुली किती उंचीची असावी?

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा लघुपट केला. त्यात नट नव्हते, नेपथ्य नव्हते. पडद्यावर हलत होत्या त्या आगपेटीतल्या काड्या. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा थोडी सरकवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचे आणि ही स्थिर चित्रे वेगाने दाखवून निर्जीव वस्तूत चलनाचा आभास निर्माण करायचा, हे त्यामागचे तंत्र. आज आपण त्याला स्टॉप-मोशन म्हणतो. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ मध्ये असाच काड्यांचा चित्रपट केला होता. फाळक्यांनी नाण्यांना चालते करणारा ‘लक्ष्मीचा गालिचा’ही केला आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती.

हे सारे करणाऱ्या फाळक्यांची घडण ज्या ठिकाणी झाली, त्यांत वडोदऱ्याच्या कलाभवनाचे स्थान मोठे आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था सुरू केली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले फाळके तेथे दाखल झाले आणि चित्रकलेबरोबरच वास्तुरचना, मूर्तिकाम व छायाचित्रण यांत त्यांनी हात घातला. पुढे ही संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाली. मूर्तिकाम, वास्तुरचना आणि छायाचित्रण या तीन विद्या एका माणसाच्या हाती एकत्र येणे स्टॉप-मोशनच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बाहुली घडवायची ती मूर्तिकाराच्या हाताने, तिचे घर उभे करायचे ते वास्तुकाराच्या मापाने आणि दोन्ही पाहायची ती छायाचित्रकाराच्या डोळ्याने. या तिन्हींचा मेळ ज्या एका आकड्यावर बसतो, तो म्हणजे बाहुलीची उंची.

मोबाइलचा कॅमेरा आणि एक साधे अ‍ॅप एवढ्यावर आज कोणीही हे काम सुरू करू शकतो. मात्र हौशी माणूस बहुधा आधी बाहुली करतो आणि नंतर तिला उभी करायला टेबल, तिच्यामागे लावायला पडदा आणि तिला धरून ठेवायला तार शोधतो. उंची चुकलेली असेल तर यांतले काहीच जुळत नाही. दोष आपल्या हाताला दिला जातो, प्रत्यक्षात तो मापाचा असतो.

काडीला उंचीची अडचण का नव्हती?

आगपेटीतली काडी जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटरची. एवढ्या लहान ‘पात्रा’वर चित्रपट होऊ शकला, कारण काडीला कोपर नसते, मान नसते, चेहरा नसतो. ती टेबलावर आडवी पडून राहते, त्यामुळे तोल सांभाळावा लागत नाही. ती संपूर्णच सरकते, त्यामुळे बारीक अवयव हलवावे लागत नाहीत. म्हणून नवशिक्याने पहिला सराव काड्या, नाणी, बटणे किंवा शिंपले घेऊन करावा. त्यासाठी उंचीचा विचार करण्याचे कारण नाही.

पात्राला सांधे आणि चेहरा आला की नियम बदलतात. येथे आपल्या शेजारच्या कलेशी तुलना केली तर फरक लक्षात येईल. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेली कळसूत्री बाहुली वरून दोऱ्यांवर लटकते. तिचे वजन कलावंताच्या हातात असते आणि तिचा आकार समोर बसलेल्या प्रेक्षकाला ती दिसावी या हिशेबाने ठरतो. स्टॉप-मोशनच्या बाहुलीला मात्र दोरी नाही. तिला स्वतःच्या पायांवर उभे राहायचे असते, दिलेली मुद्रा मिनिटभर, कधी तासभर जशीच्या तशी धरून ठेवायची असते आणि तिचा एकमेव प्रेक्षक असतो कॅमेरा, तोही हातभर अंतरावरचा. त्यामुळे तिची उंची चार गोष्टी ठरवतात : आपली बोटे, तिचे वजन, कॅमेऱ्याचे अंतर आणि आपल्या टेबलाची रुंदी.

बोटांचे गणित

स्टॉप-मोशनमध्ये सेकंदाला २४ चित्रे घेता येतात. पण नवशिक्यासाठी १२ पुरेशी असतात. समजा, एखादे पात्र एका सेकंदात मान वळवते. खऱ्या माणसाचे नाक अशा वेळी सुमारे १० सेंटिमीटर सरकते. बाहुली २१ सेंटिमीटरची, म्हणजे साधारण माणसाच्या एक-अष्टमांश असेल, तर तिचे नाक एकूण सव्वा सेंटिमीटर सरकेल. ते १२ चित्रांत विभागले की प्रत्येक चित्राला सुमारे एक मिलिमीटर येतो. एक मिलिमीटर ही सरावलेल्या बोटांना जमणारी गोष्ट आहे.

हीच बाहुली पाच सेंटिमीटरची केली तर दर चित्रामागे पाव मिलिमीटर वाट्याला येतो. तेवढे हलवताना बोटांचा कंपच अधिक होतो आणि पडद्यावर बाहुली मान वळवण्याऐवजी थरथरताना दिसते. नवशिक्यांच्या कामात जी अस्वस्थ चुळबुळ दिसते, तिचे हे एक मुख्य कारण. शिवाय पात्र लहान असले की चिमटीत धरताना शेजारचा अवयवही दाबला जातो. हात हलवायला जावे तर खांदा चेपतो.

अतिशय लहान बाहुली अशक्य नाही. ब्रिटनच्या आर्डमन स्टुडिओने २०१० मध्ये ‘डॉट’ हा लघुपट केला, त्यातली नायिका अवघी नऊ मिलिमीटर उंच होती. मात्र तिला वाकवत कोणीच नव्हते. तिच्या वेगवेगळ्या मुद्रांच्या पन्नास मूर्ती त्रिमितीय छपाईने तयार करून एकामागून एक बदलल्या गेल्या आणि चित्रीकरणासाठी सूक्ष्मदर्शक जोडलेला मोबाइल वापरला गेला. म्हणजे आकार एका मर्यादेखाली गेला की पद्धतच बदलावी लागते.

वजन उंचीपेक्षा वेगाने वाढते

मग मोठी बाहुली सोपी ठरेल का? येथे भूमितीचा एक जुना नियम आडवा येतो. बाहुलीची उंची दुप्पट केली तर तिची रुंदी आणि जाडीही दुप्पट होते. परिणामी वजन आठपट होते. तिने आडवा पसरलेला हात खांद्यापासून दुप्पट लांब असतो, म्हणून तो पेलण्यासाठी खांद्यातल्या तारेवर येणारा भार सोळापट होतो. तारेची जाडी दुप्पट केली तरी तिची वाकण्यास विरोध करण्याची ताकद आठपटच वाढते. म्हणजे सगळे काही प्रमाणात वाढवूनही मोठी बाहुली तुलनेने निम्म्याच ताकदीची राहते. २० सेंटिमीटरच्या बाहुलीने आरामात वर धरलेला हात ४० सेंटिमीटरच्या बाहुलीत हळूहळू खाली उतरतो. चित्र घेताना तो उतार दिसत नाही. सगळी चित्रे सलग पाहिली की दिसतो आणि तोवर दिवसभराचे काम वाया गेलेले असते.

मोठ्या बाहुलीला जाड तार लागते. जाड तार वाकवायला जोर लागतो. जोर लावला की पाय जागचे हलतात. व्यावसायिक स्टुडिओ यावर धातूच्या गोळी-खोबणीच्या सांध्यांचा सांगाडा वापरतात. १९३३ च्या ‘किंग काँग’मधली वानराची मुख्य बाहुली सुमारे ४५ सेंटिमीटरची होती आणि तिच्या आत असाच धातूचा सांगाडा होता. २०१६ च्या ‘कुबो अँड द टू स्ट्रिंग्ज’साठी तर लायका स्टुडिओने १६ फूट उंचीचा सांगाडा उभा केला, पण त्याला पेलण्यासाठी यंत्रणाही तशीच होती. घरच्या टेबलावर काम करणाऱ्याच्या हाती असते ती अ‍ॅल्युमिनियमची तार, आणि तिच्या ताकदीची सीमा ३० सेंटिमीटरच्या आसपास येते.

कॅमेरा किती जवळ येऊ शकतो?

तिसरा निकष कॅमेऱ्याचा. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण दहा-पंधरा सेंटिमीटरपेक्षा जवळची वस्तू स्पष्ट टिपू शकत नाही. त्याची दृष्टी रुंद असते. आडव्या चौकटीत २० सेंटिमीटरची बाहुली डोक्यापासून पायापर्यंत बसवायची, तर मोबाइल सुमारे एक फुटावर ठेवावा लागतो. बाहुली आणि कॅमेरा यांच्यामध्ये हात घालून काम करण्याइतकी जागा तेवढ्यात मिळते. पाच सेंटिमीटरच्या बाहुलीसाठी तोच मोबाइल आठ-नऊ सेंटिमीटरवर आणावा लागेल. तेथे चित्र अस्पष्ट होते, मोबाइलची सावली बाहुलीवर पडते आणि हात घालताना कॅमेऱ्याला धक्का लागतो. एकदा धक्का लागला की ते दृश्य पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागते.

चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यांचाही विचार हवा. २० सेंटिमीटरच्या बाहुलीचे डोके पाच सेंटिमीटरचे असेल, तर मोबाइलमधील दुप्पट जवळ दाखवणारे भिंग वापरून सुमारे १८ सेंटिमीटरवरून चेहरा चौकटभर घेता येतो. डोळ्यांची बुबुळे टाचणीने सरकवता यावीत आणि ओठांचे वेगवेगळे आकार बदलून लावता यावेत, यासाठीही डोके एवढे मोठे लागते. म्हणूनच बाहुलीचे अंगप्रमाण खऱ्या माणसासारखे ठेवत नाहीत. माणूस साधारण सात-साडेसात डोक्यांइतका उंच असतो. बाहुली चार डोक्यांची करावी. मात्र मोठे डोके भरीव मातीचे केले तर मान झुकते. आत थर्माकोलचा गोळा घालून वर मातीचा पातळ थर द्यावा.

टेबल, घर आणि माड

चौथा निकष बाहुलीचा नसून तिच्या जगाचा आहे. बाहुलीची उंची ठरली की दार, खुर्ची, झाड, होडी या सर्वांची मापे त्याच क्षणी ठरतात. एक-अष्टमांश प्रमाणात दोन मीटरचे दार २५ सेंटिमीटरचे होते. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोली ३७ बाय ५० सेंटिमीटरची होते आणि अभ्यासाच्या टेबलावर मावते. अंगणातले मीटरभर उंचीचे तुळशीवृंदावन साडेबारा सेंटिमीटरचे होते. ते पुठ्ठ्याचे सहज करता येते. पाच मीटरची होडी मात्र ६२ सेंटिमीटरची होते, आणि सोळा मीटर उंचीचा माड दोन मीटरचा! येथे गोव्यातली गोष्ट सांगू पाहणाऱ्याने आधीच ठरवावे की माडाचा फक्त बुंधा चौकटीत येईल आणि झावळ्यांचा शेंडा दूरच्या दृश्यासाठी वेगळा, लहान मापाचा केला जाईल.

बाहुलीमागचा पडदाही हिशेबात धरावा लागतो. २० सेंटिमीटरची बाहुली पूर्ण दाखवताना तिच्या मागे वीतभर अंतरावर लावलेला पडदा सुमारे पाऊण मीटर रुंद लागतो. तो मोठ्या आकाराच्या कार्डपेपरवर होतो. बाहुली ४० सेंटिमीटरची केली आणि पडदा हातभर मागे नेला, तर रुंदी सव्वा मीटरच्या पुढे जाते. मग टेबल पुरत नाही, दिवे अधिक लागतात आणि घरातली एक खोली कित्येक दिवस अडून राहते. बाहुलीची उंची ठरवताना या खर्चाचा विचार सहसा होत नाही. काम अर्धवट सोडायला मात्र तोच कारणीभूत ठरतो.

गोष्टीत एकाहून अधिक पात्रे असतील तर मोजणी नायकापासून करू नये. ज्या सर्वांत लहान पात्राला अभिनय करायचा आहे, त्याच्यापासून करावी. नायक २० सेंटिमीटरचा असेल, तर त्याच्या पायाशी बसलेले मांजर खऱ्या मापाने तीन सेंटिमीटरचे होते. मांजर नुसते झोपलेले असेल तर हरकत नाही. त्याला उडी मारायची असेल, तर त्याचा आकार जाणीवपूर्वक सात-आठ सेंटिमीटरचा करावा. पडद्यावर ही अतिशयोक्ती खटकत नाही, उलट गोड वाटते. गोष्ट मांजराचीच असेल, तर मांजर १२ सेंटिमीटरचे करून माणसाचे फक्त पाय दाखवावेत.

मग नेमकी उंची किती?

या चारही निकषांतून नवशिक्यासाठी एकच पट्टा उरतो : १८ ते २२ सेंटिमीटर. दोन पायांवर उभे राहणारे, हातवारे करणारे, बोलणारे पात्र असेल तर २० सेंटिमीटर धरून चालावे. व्यावसायिक कामही यापासून फार दूर नाही. २००९ च्या ‘कोरलाइन’ची नायिका सुमारे २४ सेंटिमीटरची होती.

अपवाद आहेत आणि तेही समजून घ्यावेत. सांगाडा नसलेला, नुसत्या मातीचा, पाय नसलेला गोळामटोळ प्राणी करायचा असेल तर आठ ते दहा सेंटिमीटर पुरे; तो रुंद बुडावर बसतो, त्यामुळे तोल जात नाही. कापडी कपडे घालायचे असतील तर २५ सेंटिमीटरपर्यंत जावे. कारण बाहुली लहान झाली तरी कापडाचा धागा लहान होत नाही, आणि छोट्या बाहुलीवर मलमलसुद्धा गोणपाटासारखी ताठ दिसते. दुकानातली तयार खेळण्यातली खुर्ची, भांडी, सायकल वापरायची असेल तर बाहुली त्यांच्या मापाची करावी. बार्बीच्या मापाचे साहित्य साधारण २९ सेंटिमीटरच्या बाहुलीसाठी, म्हणजे एक-षष्ठांश प्रमाणात असते. ही नवशिक्यासाठी वरची मर्यादा समजावी.

२० सेंटिमीटरच्या बाहुलीचा सांगाडा असा करावा. धड आणि पायांसाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या मऊ अ‍ॅल्युमिनियम तारेचे दोन पदर एकत्र पिळावेत. हातांसाठी एक ते दीड मिलिमीटरचे. बांधकामातली लोखंडी बांधणीची तार वापरू नये. ती वाकवल्यावर थोडी मागे येते आणि दिलेली मुद्रा पाळत नाही. तांब्याची तार वारंवार वाकवल्याने कडक होते. अ‍ॅल्युमिनियमही शेवटी थकते आणि तुटते, बहुधा कोपरात किंवा घोट्यात. म्हणून हात काढून नवा बसवता येईल अशी रचना सुरुवातीपासूनच ठेवावी. पाऊल खऱ्या प्रमाणाने तीन सेंटिमीटरचे येते; ते साडेतीन सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद करावे, आत एक नट बसवावा आणि फळीला खालून भोक पाडून स्क्रूने पाऊल आवळावे. एका पायावर उभी राहू शकली, तरच बाहुली चालू शकते.

आपल्याकडच्या हवेत

गोव्यात चतुर्थीच्या मूर्ती घडवताना पाहिलेल्याला चिकणमातीची ओढ वाटणे साहजिक आहे. पण ती माती वाळण्यासाठीच असते; वाळली की वाकवताना तडकते. स्टॉप-मोशनला तेलमिश्रित, न वाळणारी माती लागते. ही माती उष्णतेने मऊ होते. वडोदऱ्याच्या मे महिन्यातल्या चाळिशीपार उन्हात असो वा आपल्या दमट उकाड्यात, दिव्याखालची बाहुली हळूहळू बसू लागते. जितकी माती अधिक, तितकी ती अधिक बसते; मापाबाहेरची मोठी बाहुली टाळण्याचे हे आणखी एक कारण. २० सेंटिमीटरच्या बाहुलीतही पोट आणि मांड्या फोम किंवा कापडाने भरून वर मातीचा केवळ अर्धा सेंटिमीटर थर ठेवावा. उष्ण दिव्यांऐवजी एलईडी वापरावेत. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून काम सकाळी लवकर किंवा रात्री करणे इष्ट.

घडवण्याआधीची परीक्षा

बाहुली करण्यापूर्वी अर्ध्या तासाची एक परीक्षा घ्यावी. पुठ्ठ्यावर त्याच पात्राच्या तीन आकृत्या कापाव्यात : १५, २० आणि २५ सेंटिमीटरच्या. आपल्याच टेबलावर, आपल्याच मोबाइलने प्रत्येकीची तीन चित्रे घ्यावीत : दूरचे, कमरेपर्यंतचे आणि चेहऱ्याचे. मग तीन प्रश्न विचारावेत. चेहरा स्पष्ट आला का? कॅमेरा न हलवता आपला हात आकृतीपर्यंत पोहोचला का? मागचा पडदा चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत पुरला का? ज्या आकृतीला तिन्ही उत्तरे ‘होय’ मिळतील, ती आपली उंची. या लेखातला आकडा आणि आपल्या टेबलावरचा आकडा वेगळे पडले, तर टेबलावरचा खरा मानावा.

अर्ध्या मिनिटाच्या चित्रपटासाठी सेकंदाला १२ या हिशेबाने ३६० चित्रे लागतात. प्रत्येकाला दोन मिनिटे धरली तरी सलग १२ तासांचे काम होते. त्या १२ तासांत बाहुली ३६० वेळा हाताळली जाणार, वाकवली जाणार आणि तितक्याच वेळा निमूट उभी राहणार आहे. तिची उंची हौसेने न ठरवता मोजून ठरवली, तर त्या १२ तासांच्या अखेरीस हाती पूर्ण झालेला चित्रपट असेल. फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपासमोर जो धीर धरला, तो प्रत्येकाला स्वतःच आणावा लागतो. बाहुलीचे माप मात्र फूटपट्टी घेऊन आजच ठरवता येते.